डाव्या हाताची मशेरी

मी मशेरीची डबी बोलतेय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण नंतर सवड मिळणार नाही.

बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, दोन खोल्यांच्या एका घरात खिडकीच्या कट्ट्यावर मी बसले आहे. माझ्यापासून हातभर अंतरावर खाटेवर अंजनी पडली आहे. तिचा उजवा गाल आता नाही, तिथे पट्टी आहे. तिला बोलता येत नाही. म्हणून मी बोलतेय.

माझा जन्म अंबरनाथच्या एमआयडीसीतला. पत्र्याच्या डब्या दाबून काढणारा एक छोटा कारखाना होता. पायांच्या भेगांचं मलम भरायला मला घडवलं होतं. पण झाकणावरचं गुलाबाचं फूल छापताना पत्रा सरकला, पाकळ्यांच्या रेघा एकीकडे आणि लाल रंग दुसरीकडे झाला. मला बाद मालाच्या ढिगात टाकलं. तिथून मला कैलासने उचललं. तो त्या कारखान्यात प्रेसवर होता आणि त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. "कुंकवाला होईल," असं म्हणून त्याने मला बायकोच्या हातात ठेवलं.

अंजनीने मला उघडलं, वास घेतला, राखेने घासलं, उन्हात वाळवलं. "कुंकवाला करंडा आहे की," ती म्हणाली, "हिच्यात मशेरी ठेवते. झाकण कसं गच्च बसतंय बघा."

असं माझं नशीब झाकणावरून ठरलं.

मशेरी म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची. तेव्हा शेजारीपाजारी खोकत खिडक्या लावून घेतात. मग ती कुस्करून भुकटी करायची आणि बोटाने दातांना लावायची. अंजनीला ती तिच्या आईने लावायला शिकवली, फ्रॉक घालायच्या वयात, दात दुखत होता म्हणून. दात पडला, मशेरी राहिली.

सकाळी चहाच्या आधी. चहानंतर. धुणं झालं की. जेवण झालं की. कैलासला यायला उशीर झाला की, आणि तो आल्यावर भांडण झालं की. मी मोरीच्या कोनाड्यात असायचे. न बघता तिचा हात माझ्याकडे यायचा. लोक म्हणतात सवय लागते. इतकी वर्षं कोनाड्यात बसून मला दिसलं ते असं, की सवय आपली आपण येऊन बसत नाही. माणूस तिला हाताशी जागा करून देतो.

अंजनीला मुलगी झाली, किर्ती. ती मोठी झाली, उल्हासनगरच्या कॉलेजात जाऊ लागली. घरात कुणी मोठं माणूस "आमच्या वेळी" म्हणालं की किर्तीच्या कपाळावरची शीर उडायची. मला ती आवडायची. मला शिव्या द्यायची, तरी आवडायची.

अंजनीची दाढ दुखायला लागली तेव्हा किर्तीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. दाढ राहिली बाजूला. डॉक्टरीणबाईंनी उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा पाहिला. घरी येऊन किर्तीने वडिलांना सगळं सांगितलं, ते मी कोनाड्यातून ऐकलं. मशेरी बंद केली तर चट्टा मागे जाईल. चालू राहिली तर पुढे काय, ते सांगायची वेळ माझ्यावर आणू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

अंजनी घाबरली. त्याच दिवशी तिने मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं. संध्याकाळी बाहेर काढलं, धुतलं, आणि मोरीत बसून रडत रडत मशेरी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं.

"माझ्यात तेवढं मनच नाही गं," ती किर्तीला म्हणाली.

"मन काय दुकानात मिळतं?" किर्ती म्हणाली. "हंडे उचलून उचलून दंड बळकट झालाय ना तुझा? लग्न करून आलीस तेव्हा होता का? मनाचंही तसंच असतं. एकदम दोन हंडे उचलायला गेलीस तर कंबर धरणारच. कळशीने सुरुवात कर."

"म्हणजे काय करू?"

"सोडू नकोस. फक्त डाव्या हाताने लाव."

अंजनी ताडकन उठली. "शी! डावा हात तोंडाला? काय बोलतेस कळतंय का? त्या हाताने आपण काय काय करतो!"

"म्हणूनच सांगतेय."

"देव तरी काय म्हणेल!"

"देवाला उजव्या हाताची मशेरी चालते वाटतं?"

कैलास जेवता जेवता हसला आणि त्याला ठसका लागला. अंजनीलाही हसू आलं. त्या घरात माझ्यावरून कुणी हसलं, ते पहिल्यांदाच.

किर्तीने मला कोनाड्यातून उचलून कपाटावर ठेवलं. स्टूल गॅलरीत नेऊन ठेवलं. सकाळी नळाला पाणी आलं की आधी हंडा भरायचा. तो भरल्यावरही हवीच असेल तर गॅलरीतून स्टूल आणायचं, चढायचं, मला उतरवायचं आणि डाव्या बोटाने लावायची. मनाई कशालाच नव्हती. वाट तेवढी लांब केली होती.

डावं बोट अडाणी. त्याला हिरडी सापडेना, मशेरी ओठावर सांडायची, साडीवर सांडायची. शिवाय दर वेळी अंजनीला शिसारी यायची. चिमटी लहान होत गेली. मग दुपारी स्टूल आणायचा कंटाळा यायला लागला. धुण्यानंतरची गेली. जेवणानंतरची गेली, पण ती जाताना फार त्रास देऊन गेली. त्या दिवसांत अंजनी भांडी आदळायची, कैलासवर खेकसायची, बडीशेपेची बाटलीच्या बाटली संपवायची. "तुझ्या त्या कॉलेजात आग लागो," म्हणायची. किर्ती म्हणायची, "लागू दे, तू स्टूल आण."

आणि एक दिवस हंडा भरून वाहायला लागला, अंजनीने नळ बंद केला, चहा टाकला आणि मला विसरली. चहा पिऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने मान वर करून कपाटाकडे पाहिलं. चोरासारखं हसली. स्टूल आणलं नाही.

एका सवयीने दुसरीला हात दिला असावा. ज्या बाईने उभ्या जन्मात भाजीवाल्याला "नको" म्हटलं नव्हतं, ती त्याला "शिळी आहे, घेऊन जा" म्हणायला लागली. रविवारी कैलासला म्हणाली, "आज पाणी तुम्ही भरा, मी झोपतेय." कैलासने मुकाट्याने भरलं. माघात किर्ती तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चट्ट्याचा रंग उतरतोय. असंच चालू ठेवा.

असंच चालू ठेवा. एवढंच करायचं होतं.

मग महिपती काका आले.

महिपती हे कैलासचे चुलते. बारवी धरणाच्या अंगाला त्यांचं गाव, भाताची शेती. घरात थोरले तेच. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तांदळाचं गाठोडं घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने आले आणि दारात उभे राहून बघतात तर सूनबाई स्टुलावर चढलेली, डाव्या हाताचं बोट तोंडात. दिवसातली तेवढी एकच उरली होती, तिचीच ती वेळ.

"काय गो सूनबाय, ही काय माकडचेष्टा?"

अंजनी खाली उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि शरमेने अर्धी झाली. किर्ती कॉलेजला गेली होती. मोठ्या माणसांना समजावून सांगायचं धाडस घरात तिच्याशिवाय कुणाला नव्हतं. अंजनीने तुटक तुटक सांगितलं. महिपती काका ऐकून खो खो हसले.

"डाव्या हातानं? पोरीनं सांगितलं आनि तू केलंस? अगो, सोडायची तर एका घावात सोडायची. मी बिडी कशी सोडली? देवीपुढं नारळ फोडला, शपथ घेतली, संपला इषय. रोज थोडी थोडी काय सोडतेस, ती काय उधारी हाय?"

त्यांनी मला मागितलं. अंजनीने दिलं. देव्हाऱ्यातला देवीचा लाल दोरा घेऊन त्यांनी माझ्या अंगाभोवती फेऱ्यावर फेरे घातले आणि बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली. अंजनीला हात जोडायला लावले. "म्हन, हा दोरा तोडीन तर माझं तोंड झडंल."

कैलास शेजारी उभा होता. पाळी संपवून आलेला, डोळे तारवटलेले. तो म्हणाला, "काका, एवढी मोठी शपथ नको."

"बारक्या शपथेला देवी इचारीत नाय."

अंजनी म्हणाली. शब्द न् शब्द म्हणाली. मग मला देव्हाऱ्यात, देवीच्या टाकामागे ठेवलं.

संध्याकाळी किर्ती आली तेव्हा घर दणाणलं.

"आजोबा, कुणाला विचारून केलंत हे? तिचं सुटत आलं होतं!"

"सुटत आलं नाय, आता सुटलंच. आमच्या वेळी—"

"तुमच्या वेळी बिडी सोडलीत ना? मग कमरेच्या चंचीत काय आहे?"

"ती तंबाखू. ती वायली."

"वा! बिडी सोडून तंबाखू धरली आणि आम्हाला शिकवताय!"

"किर्ती!" अंजनी ओरडली. "मोठ्यांशी असं बोलतात? मी शपथ घेतलीये. आता विषय बंद."

किर्ती ताट सरकवून उठली. तिला वाटलं होतं, दोन दिवसांत शपथ मोडेल. पण दोरा तसाच दिसत राहिला, दिवसांमागून दिवस. शेवटी महिपती काका पुन्हा आले तेव्हा ती त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "आजोबा, मी हरले. तुमचं खरं निघालं." म्हातारबुवा खूश झाले. तिला पन्नासाची नोट दिली.

खरं काय ते फक्त मला माहीत होतं.

दोरा तुटला होता. भारनियमनाच्या एका दुपारी, पंखा बंद, घरात कुणी नाही, अंजनीच्या डोक्यात घण पडत होते. पूर्वी अशा वेळी ती स्टूल आणायची, ठेवायची, चढायची, आणि त्या खटाटोपात निम्मी तलफ ओसरायची. आता तो खटाटोप नव्हता. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला तलफ, आणि मध्ये नुसती अंजनी. तिने देवीसमोर डोकं टेकवलं, बराच वेळ तशीच राहिली आणि मग विळीवर दोरा कापला.

मशेरी लावल्यावर तिच्या चेहऱ्यावर सुख नव्हतं. ती पुन्हा पुन्हा पाण्याने चुळा भरत होती. मग तिने पूजेच्या पेटीतला दुसरा लाल दोरा काढला आणि माझ्याभोवती तसेच फेरे घातले. पण बैलाच्या दाव्याची गाठ तिला येत नव्हती. तिने सुरगाठ मारली, एका ओढीत सुटणारी.

एकदा तुटलाच आहे तर आणखी काय तुटणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी दोनदा. उजव्या हाताने, जुन्या मोठ्या चिमटीने. जे एकेक करून कमी केलं होतं ते सगळं परत आलं, आणि आता चोरून करायचं म्हणून जास्तच आलं. मी रिकामी होत होते, ती बाजारातून भाजलेल्या मशेरीची पुडी आणून गुपचूप भरत होती. देव्हाऱ्यात देवीच्या मागे बसून मी मशेरी वाटत होते.

बाहेर तिचं कौतुक चाललं होतं. महिपती काका गावातल्या बायका घेऊन आले, मला लांबून दाखवलं. "बघा, माझ्या सूनबायनं एका दिवसात सोडली." शेजारच्या गंगू मावशी हळदीकुंकवाला म्हणाल्या, "अंजनीकडून शिका गं बायांनो, मन असावं तर असं." अंजनी खाली मान घालून हसायची. तोंड मिटून हसायची. कारण गालाच्या आत चट्टा आता लाल झाला होता, त्याला खाच पडली होती, आणि तिखट लागलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

किर्ती म्हणायची, "आई, चल एकदा दाखवून येऊ."

"सोडली ना मी? आता काय दाखवायचं?"

कुणाला सांगणार ती? नवऱ्याला? लेकीला, जिने हरले म्हणून कबूल केलं होतं? जी बाई डाव्या हाताने लावत होती ती चुकली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल आणून सुरुवात करू शकली असती. चुकायला त्यात जागा होती. शपथेत ती जागाच नसते. शिवाय तिने आपल्या तोंडाने म्हटलं होतं, माझं तोंड झडेल. आता ते झडत होतं. तिला वाटलं, हे दुखणं नाही, हे फेडणं आहे. फेडायला काय कुणी डॉक्टरकडे जातं?

नवरात्राच्या आधी घर धुवायला काढलं. महिपती काका घट बसवायला आले होते. देव्हारा पुसायचं काम किर्तीकडे आलं. तिने मला उचललं, झाकणावरची धूळ पुसायला दोरा जरासा बाजूला ओढला, आणि सुरगाठ सुटली. दोरा घरंगळत तिच्या पायावर पडला.

तिने मला उघडलं. मी गच्च भरलेली होते, ताजी, भाजल्याचा वास अजून जायचा होता.

"आई," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "तोंड उघड."

अंजनीने पदर तोंडाला लावला.

"आई, तोंड उघड म्हणते ना!"

अंजनीने तोंड उघडलं. ते पुरतं उघडत नव्हतं, दोन बोटंही आत गेली नसती. पण किर्तीने बॅटरी लावली आणि जे पाहायचं ते पाहिलं.

महिपती काका देव्हाऱ्यासमोर उभेच राहिले. "दोरा तोडलास? देवीचा दोरा तोडलास तू?"

"म्हणूनच झालं ना काका," अंजनी म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द नीट येत नव्हते. "देवीनेच दिलंय. भोगू द्या मला."

"देवीने नाही दिलं, तंबाखूने दिलंय!" किर्ती ओरडली. मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही दिलंय. ती रोज एक पायरी चढत होती. तुम्ही तिला थेट गच्चीवर नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, आता पडू नकोस. पडली तेव्हा ओरडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत!"

"मी तिच्या भल्यासाठीच—"

"भल्यासाठीच करता तुम्ही सगळे! तेच तर!"

महिपती काका मागे वळले. गॅलरीत गेले, कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकले, त्याच स्टुलावर. दारातून मला त्यांचे हात दिसत होते. त्यांनी कमरेची चंची काढली, तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळू लागले. आपण काय करतोय, हे त्यांना कळलंही नसावं.

इस्पितळातलं थोडक्यात सांगते, कारण ते मी पाहिलं नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात अंजनीचा उजवा जबडा काढला. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा कैलासलाही क्षणभर ओळखू आला नाही. नाकातून नळी होती. किर्तीने मला खिडकीतून फेकायला हात उगारला, तेव्हा अंजनीने घशातून असा आवाज काढला की ती थांबली. अंजनीने बोटाने कपाट दाखवलं. मग गॅलरी दाखवली.

किर्तीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती दाराला टेकून खूप रडली. मग तिने मला रिकामं केलं नाही, धुतलं नाही, आहे तसं कपाटावर ठेवलं. स्टूल गॅलरीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून नळाला पाणी आलं की अंजनी उठायची. हंडा तिला उचलवत नव्हता, नळाखाली सरकवायची तेवढी. भरला की गॅलरीतून स्टूल ओढत आणायची. किर्ती स्टूल धरून उभी राहायची. अंजनी चढायची, डावं बोट माझ्या झाकणावर टेकवायची, त्या सरकलेल्या गुलाबावर, आणि उतरायची. मशेरी लावायला तिच्याकडे आता तोंडच नव्हतं. गंगू मावशी किर्तीला म्हणाल्या, "आता कशाला हे? उगाच जिवाला त्रास." किर्ती म्हणाली, "मावशी, तिचं अर्धवट राहिलंय. पुरं करतेय ती."

मीही मनात हेच विचारलं होतं, आता कशाला? पण रोज ते बोट माझ्यावर टेकायचं, आणि मला जाणवायचं की ते आदल्या दिवसापेक्षा जरा स्थिर आहे. शरीर दिवसेंदिवस खाली चाललं होतं, बोट तेवढं चढत होतं.

आता गाठ मानेत उतरली आहे. डॉक्टरांनी पुढची तारीख दिलेली नाही. महिपती काका येतात, दाराशी बसतात, चहा न घेता जातात. चंची अजून कमरेलाच असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणीतरी असेल, कोनाड्यात, खिशात, उशाखाली. तिला देवासमोर नेऊ नका. चार लोकांत तिचं नाव घेऊन छाती ठोकू नका. तिला फक्त जरा उंचावर ठेवा, स्टूल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि चुकलात तर उद्या पुन्हा हंडा भरा. दोरा मात्र बांधू नका.

आज सकाळी पाणी आलं. हंडा भरून वाहिला, किर्तीने नळ बंद केला. स्टूल ओढल्याचा आवाज आला नाही. अंजनीला आज उठताच येत नव्हतं. मग किर्तीनेच स्टूल आणलं, मला कपाटावरून उतरवलं आणि इथे खिडकीच्या कट्ट्यावर, आईच्या हाताशी ठेवलं. इतकी जवळ मी कोनाड्यात असतानाही नव्हते.

अंजनीने डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचा डावा हात चादरीतून निघाला, थांबत थांबत कट्ट्यापर्यंत आला. बोट गुलाबावर टेकलं. आणि मग त्या बोटाने मला ढकललं.

फार नाही. बोटभरच सरकले मी.